किल्ल्यांचा जुडगा

घरांतील सत्ता कोणाच्या हातीं आहे हें ओळखण्याची पूर्वीं एक सोपी खूण असे. जिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, ती घरची धनीण. कोठीची, दागिन्यांच्या पेटीची, फराळाच्या कपाटाची अशा त्या किल्ल्या चालतांना किणकिणत, आणि त्या नादावरून मुलें लाडवांच्या डब्यापासून वेळींच दूर होत. माझ्या सासूबाईंनीं २००३ सालीं तो जुडगा माझ्या हवालीं केला तेव्हां त्यांत एकोणीस किल्ल्या होत्या, आणि त्यांपैकीं सात किल्ल्यांचीं कुलुपें घरांत कोठेंच उरलेलीं नव्हतीं!

वाडा जाऊन त्या जागीं चार मजली घर उभें राहिलें, आणि जुडगाही गेला. आतां आमचें मुख्य दार बोटाच्या ठशानें उघडतें, फाटकावर आणि जिन्यावर कॅमेरे आहेत, रात्रीं चोरघंटा लावतां येते, आणि या साऱ्यांवर देखरेख करणारें एक सॉफ्टवेअर खालच्या मजल्यावरील लहानशा संगणकावर अहोरात्र चालूं असतें. घरांत आम्ही चौदा माणसें. कोणाच्या बोटानें कोणतें दार उघडावें, कोणीं कोणता कॅमेरा पाहावा, हें सारें तें ठरवितें; अर्थात् आम्हीं त्याला जसें सांगून ठेविलें असेल तसें.

गेल्या मार्गशीर्षांत त्याच्या कर्त्यांनीं कळविलें कीं, जुन्या आवृत्तीची डागडुजी यापुढें होणार नाहीं, नवी आवृत्ति चढवावी. "चालतें आहे तें कशाला मोडावयाचें?" असें मामंजींनीं विचारलें, आणि त्यांची शंका अगदींच गैरवाजवी नव्हती. पण साध्या कुलुपाला गंज चढला तर तो आपल्याला दिसतो. सॉफ्टवेअरमधील छिद्र वर्षानुवर्षें कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं; तें पडलें म्हणजे कर्ते तें बुजवितात आणि तशी जाहीर सूचना देतात. ती सूचना चोरही वाचतात! त्या दिवसापासून ज्यानें दुरुस्ती केली नाहीं, त्याच्या भिंतीचें भगदाड चव्हाट्यावर आलें म्हणून समजावें. तथापि नव्या आवृत्तीवरही आंधळा विश्वास नको. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीनें आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष सुधारणा जगभर पाठविली, आणि विंडोजवर चालणारे सुमारें ८५ लाख संगणक एकाएकीं बंद पडले. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. म्हणून माझ्या पुतण्यानें आधीं साऱ्या जुन्या नोंदींची प्रत निराळी काढून ठेविली, आणि मागील दाराची लोखंडी किल्ली सासूबाईंच्या उशाखालीं गेली. त्या रात्रीं आपल्याला फार दिवसांनीं गाढ झोंप लागली असें त्या म्हणाल्या.

खरें काम पुढेंच होतें. जुन्या आवृत्तींत अधिकार माणसागणिक दिलेले असत. नवी आवृत्ति विचारूं लागली कीं, या घरांत भूमिका किती, आणि कोण कोणत्या भूमिकेंत? पुतण्यानें जुनी यादी छापून आणली. चौदा माणसांच्या घरांत एकतीस नांवें निघालीं! २०१९ सालीं घराला रंग देण्यास आलेला रंगारी, नोकरी सोडून गेलेला ड्रायव्हर, शिकवणीचे मास्तर, आणि आजेसासूबाईंच्या शेवटच्या आजारांत रात्रीं सोबतीला येणाऱ्या परिचारिका. या बाई मोठ्या मायाळू. ज्यांची शुश्रूषा त्या करीत त्यांना जाऊन चार वर्षें झालीं, पण आमचें दार मात्र बाईंच्या बोटाला अजून ओळखत होतें. यांत कोणावर संशय घेण्याचें कारण नाहीं. अधिकार देण्याला प्रसंग असतो. काढून घेण्याला मुहूर्तच सांपडत नाहीं. अमेरिकेंतील कलोनिअल पाइपलाइन ही मोठी इंधनवाहिनी मे २०२१ मध्यें सुमारें पांच दिवस बंद ठेवावी लागली, ती अशाच एका वापरांत नसलेल्या परंतु रद्द न केलेल्या खात्यांतून चोर आंत शिरल्यामुळें.

प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, अधिक नसावा, हें तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं मांडलें. पुढें १९९२ सालीं फेरायोलो आणि कून यांनीं, अधिकार भूमिकेला द्यावा आणि माणसाला भूमिका द्यावी, या पद्धतीला शास्त्रीय रूप दिलें. आपल्याला हें परकें वाटण्याचें कारण नाहीं. शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी असत व तिघांनीं मिळून कारभार पाहावा अशी व्यवस्था होती, असें सभासदाच्या बखरींत आहे. सारा गड एका हातीं जाऊं नये, हाच त्यांतला हेतु.

परंतु गडावरचा न्याय घरांत लावणें अवघड. पुतण्यानें भीत भीत सुचविलें कीं, आजोबांकडे आजवर असलेला सर्वाधिकार काढून त्याच्या वांटण्या कराव्या. मामंजी चौऱ्याऐंशी वर्षांचे. घर त्यांनीं बांधलेलें. ते एवढेंच म्हणाले, "म्हणजे माझ्याच घरांत मी आतां भाडेकरू!" पुढें कोणाला शब्द सुचेना.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती कोणी बोलत नव्हतें. माझी धाकटी जाऊ रुग्णालयांत भूलतज्ज्ञ आहे. तिला अपरात्रीं यावें लागतें. दार उघडलें कीं वेळेची नोंद होते, आणि ती नोंद मामंजी रोज सकाळीं चहाबरोबर वर्तमानपत्रासारखी वाचीत. "काल पावणेदोन वाजले होय ग?" असें ते काळजीनेंच विचारीत, याविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं. पण ती एकदां मला म्हणाली, "जाऊबाई, फाटकाशीं आलें ना, कीं आधीं मी घड्याळ पाहतें." रुग्णाचा जीव सांभाळून आलेल्या बाईनें आपल्याच उंबऱ्याशीं घड्याळाला भ्यावें!

किल्ली आपल्याला घरांत येण्याचा अधिकार देते. दुसऱ्याचें येणेंजाणें पाहण्याचा अधिकार ही निराळी वस्तु आहे, आणि सासूबाईंच्या एकोणीस किल्ल्यांत ती किल्ली कधींच नव्हती. पूर्वीं कोण केव्हां आलें तें कडी काढणाऱ्याला कळे, आणि दोन दिवसांनीं तो तें विसरे. यंत्र विसरत नाहीं. जुन्या आवृत्तींत हे दोन्ही अधिकार एकाच गांठोड्यांत बांधलेले होते. नवीनें ते सुटे केले. म्हणून मींच धीर करून म्हटलें, "मामंजी, दारें आपण उघडा, चोरघंटाही आपणच लावा. येण्याजाण्याची नोंद मात्र कोणींच एकट्यानें पाहूं नये. मींही नव्हे." ते गप्पच राहिले. मग सासूबाई म्हणाल्या, "अहो, मी जुडगा दिला म्हणून या घरांत मला कोणी पाहुणी म्हटलें आहे का?"

दोन दिवस मामंजी कोणाशीं फारसें बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं यादी मागवून घेऊन त्यांनीं स्वतः सतरा नांवांवर तांबडी रेघ ओढली. नोंदीचा परवलीचा शब्द आतां दोन तुकड्यांत आहे: एक सासूबाईंच्या देवघरांतील डबींत, दुसरा भावजींपाशीं. चोरी किंवा अपघात झाला तरच दोन्ही जुळवावयाचे. एरवीं नोंद तीस दिवसांनीं आपोआप पुसली जाते. जिन्यावरचा कॅमेरा काढून टाकला. नांवें घालण्याकाढण्याचें काम माझ्याकडे आलें. पुतण्या आषाढांत शिक्षणासाठीं परदेशीं जाणार, तेव्हां त्याचें खातें त्याच दिवशीं बंद व्हावें अशी तारीख त्यानें आपल्या हातानेंच घातली. मामंजी रात्रीं निजण्यापूर्वीं "सगळे आले का?" म्हणून मोठ्यानें विचारतात, आणि कोणीतरी उत्तर देतें.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकीं कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती. सॉफ्टवेअरच्या तयार भूमिकांत 'अतिथि' अशी एक भूमिका होती. तिची मुदत सात दिवस. वन्सं संक्रांतीला राहावयास आल्या, आणि आठव्या दिवशीं भाजी घेऊन परततांना दारानें त्यांना सांगितलें कीं मुदत संपली! "माझ्या बापाच्या घरांत मला मुदत?" असें म्हणून त्या ओट्यावरच बसल्या. त्या संध्याकाळीं आम्हीं एक नवी भूमिका निर्माण केली आणि तिला 'माहेरवाशीण' असें नांव दिलें. दार केव्हांही उघडावें, मुदत नाहीं, कारण विचारणें नाहीं. तूर्त त्या भूमिकेंत दोन नांवें आहेत: वन्सं, आणि एक्याऐंशी वर्षांच्या आतेसासूबाई. वैशाखांत माझ्या लेकीचें लग्न आहे. तिचेंही नांव तेथें जाईल. अधिकार माझ्याकडे असला तरी तें काम पुतण्यानेंच करावयाचें, असें मीं त्याला बजावून ठेविलें आहे.