कॅमेरा सगळ्यात शेवटी

अकोल्यात किंवा अमरावतीत कॉलेजच्या मुलांसमोर बोलायला गेले की पहिला हात वर होतो तो कॅमेऱ्यासाठी. "ताई, कॅमेरा कोनता घेऊ?" विचारणाऱ्याने विमानातून एकही उडी मारलेली नसते, पण डोक्यावर कॅमेरा बांधून ढगांतून खाली येणाऱ्यांचे व्हिडिओ त्याच्या मोबाइलमध्ये भरलेले असतात. हवेत छायाचित्रण करणं हा माझा पेशा आहे, त्यामुळे त्याची ओढ मला समजते. माझं उत्तर मात्र ठरलेलं असतं. कॅमेरा सगळ्यात शेवटी घे. असं का, ते सभागृहातल्या पाच मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

आधी काम काय असतं ते सांगते. विमान साधारण दहा ते तेरा हजार फुटांवर जातं. पोटावर पालथं, हातपाय पसरून पडणाऱ्या माणसाचा वेग दहा-बारा सेकंदांत ताशी १९०-२०० किलोमीटरवर स्थिरावतो आणि मग दर साडेपाच सेकंदांना हजार फूट मागे पडतात. तेरा हजारांवरून उडी घेऊन पाच हजारांवर छत्री उघडायची, तर मधे पाऊण मिनिटाहून जरा जास्त वेळ मिळतो. फोटो काढायचे ते याच वेळात, आणि त्यात हात मोकळे नसतात. कारण हात हेच सुकाणू. आमच्या पोशाखाला काखेपासून कमरेपर्यंत कापडाचे पंख असतात. हात पसरले की पडण्याचा वेग कमी होतो, आवळले की वाढतो. समोरच्या माणसाच्या बरोबरीने पडत राहायचं तर हे सतत करावं लागतं. मग बटण दाबायचं कशाने? तोंडाने. दातांत किंवा जिभेखाली एक छोटा स्विच धरलेला असतो, तो दाबला की हेल्मेटवरचा कॅमेरा फोटो घेतो. एका डोळ्यासमोर छोटी कडी बसवलेली असते. तिच्यात माणूस दिसला की तो चौकटीत आला असं समजायचं. भिंग रुंद कोनाचं, फोकस आधीच पक्का करून त्यावर चिकटपट्टी, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं किंवा त्याहून जलद. सूर्य पाठीशी ठेवून समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड घ्यायचा, म्हणजे गॉगलच्या काचेआडचे डोळे दिसतात. मला त्या डोळ्यांचाच फोटो हवा असतो. विमानाच्या दारातून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत जे दिसतं, ते जमिनीवरच्या कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही.

या कामासाठी शरीर तयार लागतं. माझं झालं ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या संस्थेचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं होतं. मल्लखांबावर पाठीची कमान करून श्वास सोडत स्थिर राहायला तिथे शिकवतात, आणि फ्रीफॉलमध्ये पहिला धडा नेमका तोच असतो. कंबर पुढे, छाती उघडी, मान वर, अंग सैल. आवळलेलं शरीर हवेत गिरक्या घेतं. आमच्याकडच्या मुलामुलींना या खेळासाठी अंग मुळापासून घडवावं लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

मग अडचण कुठे आहे? लक्षात. या खेळात माणसाला वाचवणारं पहिलं साधन म्हणजे त्याचं लक्ष, आणि कॅमेरा नेमकं तेच मागतो. २ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एका अनुभवी उडीबहाद्दराने विमानातून उडी मारली ती छत्री न घालताच. आठशेहून जास्त उड्या गाठीशी असलेला माणूस. एका विद्यार्थिनीचं आणि तिच्या प्रशिक्षकाचं चित्रण तो करत होता. तेव्हाच्या व्हिडिओ यंत्रणेचा जड भाग पाठीवर बांधावा लागे. पाठीवर ओझं होतं, डोक्यात चित्रण होतं, आणि खांद्यांवर पॅराशूटचे पट्टे नाहीत हे ना त्याच्या लक्षात आलं ना विमानातल्या बाकीच्यांच्या. कॅमेरा शेवटपर्यंत चालू होता. ही घटना मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. ऐकताना मुलं "असं कसं होऊ शकतं" म्हणतात. होऊ शकतं. म्हणूनच विमानात चढण्याआधी एकदा, चढल्यावर एकदा आणि दार उघडण्याआधी एकदा एकमेकांचे पट्टे, बकल आणि हँडल तपासायची शिस्त असते. कॅमेरा लावलेल्या माणसाचे पट्टे दुसऱ्याने तपासावेत, असा माझा आग्रह आहे.

युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनची शिफारस अशी, की कॅमेरा लावण्याआधी उडी मारणाऱ्याकडे सी परवाना असावा. तो किमान २०० उड्यांनंतर मिळतो. शिवाय ज्या छत्रीवर कॅमेरा घेऊन उडायचं, त्याच साधनांवर अलीकडच्या ५० उड्या झालेल्या असाव्यात. बोटभर लांबीच्या कॅमेऱ्यालाही हाच नियम. मुलांना हा जाच वाटतो. "ताई, तो तर काडेपेटीएवढा आहे." आकाराचा इथे काही संबंध नाही. छत्री उघडताना तिच्या दोऱ्या डोक्याच्या मागून सरसरत वर जातात. त्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या. कॅमेरा आणि हेल्मेट यांच्यामधल्या फटीत एक दोरी अडकली तर छत्री धड उघडत नाही आणि तोडून टाकायला गेलं तर सुटतही नाही. तशा अवस्थेत राखीव छत्री उघडली तर तीही त्याच गुंत्यात जाऊ शकते. म्हणून कॅमेऱ्याच्या हेल्मेटला हनुवटीखाली एका हाताने सुटणारा खटका लागतो. अडकलं तर हेल्मेट कॅमेऱ्यासकट सोडून द्यायचं. ते सोडताना हात थांबणार असेल, कॅमेऱ्याची किंमत आठवणार असेल, तर त्याने कॅमेरा लावूच नये.

मानेचंही तसंच. छत्री झटक्याने उघडली तर हेल्मेटवरचं किलोभर वजन मानेला हिसडा देतं. उघडताना नजर समोर क्षितिजावर हवी, मान सरळ हवी. आणि नवशिका कॅमेरावाला नेमका त्याच क्षणी, समोरच्याची छत्री कशी उघडते ते टिपायला, मान वळवतो.

टँडम उडीत हा मोह जास्त असतो. पाहुणा प्रशिक्षकाच्या छातीशी बांधलेला असतो आणि दोघांच्या वजनाचा वेग आवरायला वर एक छोटी ड्रोग छत्री असते. पाच-साडेपाच हजार फुटांवर प्रशिक्षक मोठी छत्री उघडतो आणि ते दोघं चौकटीतून वर झेपावल्यासारखे दिसतात. हे दृश्य देखणं असतं. पण कॅमेरावाला अजून ताशी दोनशेच्या वेगाने खालीच चाललेला असतो. तीन हजार फुटांवरून जमीन सोळा-सतरा सेकंदांवर असते. मनगटावरचा अल्टिमीटर बघायचा, हेल्मेटमधल्या बीपकडे कान द्यायचा, आजूबाजूची हवा मोकळी करायची आणि स्वतःची छत्री उघडायची. दृश्य कितीही चांगलं असो, ठरलेल्या उंचीवर चित्रण संपलं.

साधनांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण अपघाताच्या बातमीत "पॅराशूट उघडलं नाही" एवढंच छापून येतं. पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य छत्री बिघडली तर ती खांद्यांवरून सुटावी यासाठी तीन कड्यांची एकात एक अडकवलेली रचना असते. ती बिल बूथ यांची. हजारो न्यूटनचा ताण असूनही हँडलचा एक हिसका तिला पुरतो. बेशुद्ध पडलेल्या किंवा भान हरपलेल्या माणसासाठी एक स्वयंचलित यंत्र असतं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांचं सायप्रेस १९९१ मध्ये आलं. त्याचं नेहमीचं मॉडेल साधारण २२५ मीटर उंचीवर, वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तर राखीव छत्रीचा दोर कापून ती मोकळी करतं. या यंत्राने असंख्य माणसं घरी परत आणली आहेत. पण कॅमेऱ्यात गुंतलेली दोरी त्याला सोडवता येत नाही.

आपल्याकडच्या माणसाचा हात जोडाजोडीला चांगला चालतो. शेतीच्या अवजारात, मोटारपंपात त्याचं कौतुकच आहे. पॅराशूटच्या पिशवीला मात्र तो हात लागू नये. आधुनिक विंगसूट आकाराला आणणारा फ्रेंच उडीबहाद्दर पात्रिक द गायार्दों १३ एप्रिल १९९८ रोजी हवाईमध्ये गेला तो स्वतःच्या पिशवीत स्वतःच केलेल्या बदलामुळे. त्याच्याइतकं हवेचं ज्ञान त्या काळात फार थोड्यांना होतं. हेल्मेटवर ड्रिल चालवून किंवा सायकलचा क्लॅम्प ठोकून कॅमेरा बसवलेले फोटो मुलं मला पाठवतात, तेव्हा मी त्यांना हाच प्रसंग लिहून पाठवते.

पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडच्या पट्टायात नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी घेतली, तो फोटो महाराष्ट्रात घरोघरी पोचला. १८ एप्रिल २००४ रोजी, आयुष्यातली पहिलीच उडी त्यांनी उत्तर ध्रुवावर मारली होती, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या एव्हरेस्टसमोर २१ हजार ५०० फुटांवरून उतरल्या. नऊवारीचा फोटो पाहून मला आधी पदर दिसत नाही, हँडल दिसतात. कापडाचा एकही सैल पट्टा हँडलवर येता कामा नये, दोऱ्यांत जाता कामा नये, चेहऱ्यावर फडफडता कामा नये. कित्येक वर्षांच्या उड्यांनंतर हे जमतं. लग्नाआधीच्या फोटोंसाठी घेरदार घागऱ्यात टँडम उडी मारायची इच्छा घेऊन येणाऱ्या जोडप्यांना मी स्पष्ट नकार देते.

आता आपल्या मातीबद्दल. वऱ्हाडात मला कुणी उडी मारायला सांगितली, तर मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ मागेन. वैशाखात पारा ४५ वर गेला की हवा विरळ होते, आणि त्याच जागी डिसेंबरच्या पहाटे छत्री ज्या वेगाने उतरते त्यापेक्षा पाच-सहा टक्के जास्त वेगाने उतरते. ऐकायला किरकोळ, पण टाच टेकताना घोट्याला कळतं. त्याहून वाईट वावटळ. तापलेल्या काळ्या रानावर दुपारी उठणारी वावटळ लांबून धुळीचा खांब दिसते. पण धूळ उचलली गेली नाही तर ती दिसतच नाही, आणि शंभर फुटांवर छत्रीचं एक अंग मिटवून टाकू शकते. मग खालचं वावर. कपाशी निघाल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटी, तूर कापल्यावर राहिलेली टोकदार धसकटं, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, कठडा नसलेल्या विहिरी आणि धुऱ्याधुऱ्याने गेलेल्या विजेच्या तारा. वरून सगळं सपाट आणि काळं दिसतं. तारा तर दिसतच नाहीत, खांब शोधावे लागतात. चुकून बाहेर उतरायची वेळ आली तर खांबांच्या ओळी आधी शोधायच्या, हे मी इथल्या मुलांना कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी शिकवेन.

हा विचार आता करायला हवा, कारण परिस्थिती बदलते आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तिथे वैमानिक प्रशिक्षण केंद्रही येतं आहे, म्हणजे त्या आकाशात गर्दी वाढणार. १९४३ मध्ये बांधलेली अकोल्याची शिवणीची धावपट्टी मोठ्या विमानांना अपुरी आहे, पण उडीसाठी लागणारं छोटं विमान तिथून सहज उडेल. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यात हवेतले खेळही आहेत. एखाद्या महोत्सवात चार दिवस उड्या ठेवण्याचा मोह कुणाला तरी होईलच. त्याला माझा विरोध नाही. मात्र त्या चार दिवसांत हवाई वाहतूक नियंत्रणाशी समन्वय, उतरण्याची मोकळी आणि आखलेली जागा, वाऱ्याची मर्यादा आणि रुग्णवाहिका हे सगळं आधी ठरलेलं असावं, आणि वारा वाढला की पाहुणे कितीही मोठे असोत, विमान जमिनीवरच राहावं.

वाचकांपैकी कुणी हरियाणातल्या नारनौलला, पट्टायाला किंवा दुबईला टँडम उडी मारायला जाणार असेल, तर तिथे दोन गोष्टी बेधडक विचारा. राखीव छत्री शेवटची कधी घडी करून भरली त्याची नोंद दाखवा म्हणा. स्वयंचलित यंत्र चालू आहे ना, हेही विचारा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांवर खूश होतो. जो चिडेल त्याच्याबरोबर उडू नका, पैसे बुडाले तरी चालतील. चष्म्याला पट्टा लावा, अंगठ्या काढा, खिसे रिकामे करा आणि मोबाइल खाली कुणाकडे तरी देऊन जा. फोटोचं काम आमच्यावर सोडा.