छत्तिसाव्या वर्षी नाचाचा श्रीगणेशा

गेल्या वर्षीच्या रक्ततपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. बाबांना चाळिशीतच गोळ्या सुरू झाल्या होत्या, त्यामुळे घरात कोणी ते हसण्यावारी नेलं नाही. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसायचं, ही माझी नोकरी. ट्रेडमिलवर मन रमत नाही. शेवटी बायको म्हणाली, "माझ्या झुंबाच्या क्लासला चल."

झुंबाचा जन्म कोलंबियातला. बेटो पेरेझ हा प्रशिक्षक एकदा एरोबिक्सच्या कॅसेट घरी विसरला, म्हणून जवळच्या साल्सा-मेरेंगेच्या गाण्यांवर त्याने वर्ग घेतला, अशी गोष्ट सांगतात. आमच्या बडोद्याच्या क्लासमध्ये मात्र साल्सानंतर थेट गरबा लागतो. इथे जन्म गेला, तरी मला गरबा येत नव्हता. नवरात्रात मित्रांच्या चपला सांभाळणारा तो मी!

पहिला आठवडा कठीण गेला. मॅडम आमच्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या, त्यामुळे त्यांचा उजवा हात तो माझा डावा, हे डोक्यात बसेपर्यंत पुढची स्टेप सुरू व्हायची. आम्हा इंजिनिअरांना आधी समजून घ्यायचं आणि मग करायचं, अशी सवय. इथे उलटं होतं. आधी पाय हलवायचे, समज मागून येते. मॅडमनी सांगितलं, "हात सोडून द्या. नुसते पाय करा, आठ मोजा." खरंच, बहुतेक गाणी आठाच्या हिशोबात चालतात. तिसऱ्या आठवड्यात मी मोजायचं विसरलो आणि पाय बरोबर पडत राहिले.

लाज वाटायचीच. माझ्या शेजारी साठी ओलांडलेल्या एक काकू असतात. त्या एकदा म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडे कोण बघतंय? इथे ज्याला त्याला आपल्या पायांची पडलीये." त्या दिवसापासून मी मागच्या कोपऱ्यातून मधल्या रांगेत आलो.

सुरुवात करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. धावण्याचे घट्ट पकडीचे बूट नकोत. वळताना तळवा जमिनीला धरून राहतो आणि गुडघ्याला पीळ बसतो. आणि उडी झेपत नसेल, तर तीच स्टेप चालत करा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पन्नास मिनिटांचे तीन क्लास झाले की हिशोब जमतो.

तीन महिन्यांनी आकडा ५.८ झाला. संध्याकाळचा शेव-फाफडा कमी केला, त्याचाही त्यात वाटा आहेच. उंबरठा अजून ओलांडलेला नाही, पण मागे सरकतोय.

आता रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये गाणी लागतात. मुलगी मला हात शिकवते आणि बाबा खुर्चीची पाठ धरून जागच्या जागी मार्च करतात. ते आठाच्या पुढेही मोजत जातात. आम्ही थांबवत नाही.