हरभऱ्यातली काळविटं

चिखलीहून देऊळगाव राजाला सकाळच्या एस.टी.ने निघालात, तर खिडकीची जागा धरा. हरभऱ्याच्या शेतांपलीकडे, माळावर काळविटांचा कळप पुष्कळदा दिसतो. नर पाठीवर काळाभोर, पोटाशी पांढराशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरं कडं, अन् शिंगं मळसूत्रासारखी पिळदार! चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात, याची जन्मभर टिकतात. मादी बदामी, बहुधा बिनशिंगांची. पाडस झालं की त्याला गवतात दडवून ती दूर चरते, पाजायला तेवढी येते. (दृष्ट लागू नये म्हणूनच जणू!)

माझ्या जाऊबाईंपुढे मात्र हे कौतुक नको. कोवळा हरभरा कळपाने खुडला की वर्षाचं गणित बिघडतं. १९७२ च्या कायद्याने काळविटाला मारणं गुन्हा. वनखातं भरपाई देतं, पण आधी अर्ज, मग पंचनामा. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात २००० साली कारंजा-सोहोळ अभयारण्य खास काळविटांसाठी झालं. इकडच्या कळपांचं अभयारण्य म्हणजे आमचीच शेतं!

"त्यांचा माळ आपणच नांगरला, मग ती जातील कुठं?" असं जाऊबाईच म्हणतात, आणि पहाटे डबा वाजवत राखणीला निघतात.