पाना शेवटी

बाबांची जीप त्यांच्यामागे नऊ वर्षे वाडीतल्या मांडवाखाली उभी होती. महिंद्रची सीजे-३बी, १९६८ सालची. विलीज कंपनीने अमेरिकेत १९५३ साली हा घाट काढला, तेव्हा नवे इंजिन उंच असल्याने बॉनेटही उंच करावे लागले. तेच उंच कपाळ आपल्याकडील जीपलाही लाभले. याच जीपमधून बाबा पहाटे केळीचे लोंगर वसई रोड स्टेशनावर पोहोचवीत. दादा त्यांच्या शेजारी बसे, मी मागे लोंगरांजवळ.

बाबा गेले आणि वाडीच्या वाटणीवरून आम्हा भावांत अबोला आला. अंगण एकच राहिले. मध्ये कुंपण आले. जीप माझ्या वाट्याला आली.

गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाल्यावर मी ती दुरुस्तीला काढली. इंजिनाचे काम उरकले. उरला पुढचा पत्रा: दोन मडगार्ड, मधली जाळी आणि वरचे बॉनेट. मडगार्ड गंजाने खाल्ले होते, म्हणून नवे करवून घेतले. डावे मडगार्ड काचेखालच्या पत्र्याला टेकवले आणि सारे बोल्ट पान्याने आवळून टाकले. मग जाळी, मग उजवे मडगार्ड. प्रत्येक भाग घट्ट बसल्याचे समाधान वाटले. बॉनेट खाली घेतले मात्र, उजवीकडे बोटभर फट पडली आणि डावीकडचा नवा रंग खरवडला गेला. मडगार्ड करणाऱ्याला मी मनसोक्त दोष दिला. दोन दिवस ठोकाठोक केली.

तिसऱ्या दिवशी त्या आवाजाने दादा कुंपणाशी आला. थोडा वेळ पाहून म्हणाला, "सगळे बोल्ट सैल कर. बाबा आधी हाताने लावायचे, पाना शेवटी."

एवढे बोलून तो आत आला.

बोल्टांची छिद्रे बोल्टांपेक्षा किंचित मोठी असतात. ती मोकळीक पत्र्याला सरकता यावे म्हणूनच असते. एक भाग आधीच आवळला, की त्याची लहानशी चूक पुढच्या साऱ्या भागांना सोसावी लागते. आम्ही सर्व बोल्ट बोटांनीच लावले, जाळी थोडी हलवली, बॉनेट मिटून पाहिले, पुन्हा उघडले. दादा बॉनेट धरी; मी डावीकडचा एक बोल्ट, उजवीकडचा एक, असे थोडेथोडे आवळीत गेलो. दुपार कलली तेव्हा दोन्ही बाजूंच्या कड्या लागल्या. डावीकडे कणभर फट राहिलीच.

"एवढी बाबांच्या वेळीही होती," दादा म्हणाला.

वाटणीच्या पहिल्याच बैठकीत मी माझे म्हणणे असेच पान्याने आवळून टाकले होते, आणि पुढे काही जुळेना तेव्हा दोष दादाला दिला होता. हे त्या दिवशी मला त्याच्यापाशी बोलता आले नाही. मी जुन्या फडक्याने बॉनेट पुसत राहिलो.

संध्याकाळी वहिनींनी कुंपणावरून चहा दिला. एकाच ताटात दोन कप होते.