सलाईनच्या बाटलीची भीड

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणकडे जाणारा रस्ता कसाल येथे फुटतो. आणि सुट्टीवर आलेल्यांच्या मोटारी, चिऱ्यांनी भरलेले ट्रक व बाजारहाटास निघालेले दुचाकीस्वार एकाच तिठ्यावर परस्परांच्या वाटेत येत असल्यामुळे, या टापूत वैद्यकी करणाऱ्या मनुष्याला अपघाताच्या रक्ताची ओळख साथीच्या तापाइतकीच लवकर होते. माडावरून पडलेले आणि चिरेखाणीत सापडलेले त्यात भर घालतात. अशांपैकी जे गंभीर, त्यांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि प्रसंगी थेट गोव्यातील बांबोळीस धाडावे लागते, हे येथील घराघरांत ठाऊक आहे. मात्र त्या वाटेवर रुग्णाच्या रक्ताचे काय होते, याविषयी लोकांची एकच समजूत ठाम आहे, आणि ती सलाईनची.

"डॉक्टरांनू, आधी सलायन लावा," असे जखमीबरोबर आलेला आप्त म्हणतो. बाटली टांगली की इलाज सुरू झाला आणि ती रिकामी झाली की दुसरी टांगावी, हा दस्तूर इतका रुजला आहे की, खुद्द वैद्यालाही त्या बाटलीची भीड पडते.

वस्तुतः रक्त थांबविण्याचे काम शरीर स्वतःच करीत असते. उघड्या जखमेवर घट्ट दाब द्यावा, आतली फुटलेली रक्तवाहिनी शल्यचिकित्सकाने बांधावी, आणि बाकी कामासाठी शरीरास लागणारी सामग्री, ऊब आणि अवधी यांत खोट येऊ देऊ नये, एवढेच आपल्या हाती असते. मिठाचे पाणी भराभर शिरेत सोडले म्हणजे नाडी भरते, रक्तदाब चढतो, भोवतालच्यांचा जीव भांड्यात पडतो. परंतु आमटीत पाणी वाढवून पंगत उरकावी, तशी त्याच वेळी रक्तातील गोठविणारी प्रथिने आणि प्लेटलेट विरळ होतात, आणि चढलेल्या दाबाने नुकतीच धरू लागलेली गुठळी निसटते. म्हणून डोक्याला मार नसेल, तर रक्तस्राव आटोक्यात येईपर्यंत वरचा रक्तदाब 80 ते 90 च्या आसपास राहू द्यावा, असा आजचा संकेत आहे. तो पाळण्यास धैर्य लागते, कारण नातेवाइकांच्या नजरेत ते निष्काळजीपण दिसते.

सगळा दोष पाण्याचाच, असेही नव्हे. 2003 साली लंडनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, गंभीर जखमींपैकी सुमारे एकचतुर्थांश रुग्णांचे रक्त रुग्णालयात पोहोचतानाच नीट गोठत नव्हते, आणि त्याचा संबंध वाटेत दिलेल्या द्रवाशी नसून इजेच्या तीव्रतेशी होता. मोठ्या आघातात पेशींना प्राणवायू अपुरा पडतो, रक्त आम्लधर्मी होते, आणि शरीर आपलीच गुठळी विरघळवू लागते. आषाढातल्या पावसात रस्त्यावर भिजत पडलेल्या माणसाच्या अंगाचे तापमान 35 अंशांखाली उतरले, म्हणजे गोठण्याची रासायनिक क्रिया आणखी मंदावते. म्हणून ओले कपडे काढून कांबळे पांघरणे, हा रक्त थांबविण्याचाच इलाज होय.

गेलेल्या रक्ताची भरपाई रक्तानेच करावयाची. तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट शक्य तेथे समप्रमाणात. त्यातही खबरदारी हवी. रक्तपेढीतून आलेली पिशवी हाताला गार लागते, कारण ती 2 ते 6 अंशांत ठेवलेली असते. आणि तिच्यातले रक्त साठवणीत गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट रुग्णाच्या रक्तातील कॅल्शियम अडवून ठेवते. म्हणून अनेक पिशव्या द्यावयाच्या असतील, तर रक्त कोमट करण्याची आणि सोबत कॅल्शियम देण्याची तजवीज आधीच करावी लागते.

आमच्याकडे फुरसे चावलेल्याचेही रक्त गोठेनासे होते. पण तिथला हिशेब निराळा. कोरड्या, स्वच्छ काचनळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवावी आणि मग तिरपी करावी. रक्त पाण्यासारखे ओघळले, तर विषाने गोठविणारी प्रथिने खर्ची पाडली, असे समजावे. तिथे प्रतिविष हवे. अपघाताच्या जखमीला त्याचा उपयोग नाही.

त्याच्यासाठी जे औषध आहे, ते सुदैवाने स्वस्त आहे. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने 1962 साली पुढे आणलेले ट्रानेक्झॅमिक आम्ल गुठळी विरघळू देत नाही. आणि 2010 साली 40 देशांतील, त्यांत भारतातीलही, 20,000 हून अधिक जखमींवरील चाचणीत त्याने मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झाले. मात्र इजेपासून तीन तासांच्या आत, आणि होईल तितक्या लवकर, ते दिले पाहिजे. तीन तास उलटल्यावर दिल्यास अपायाचाच संभव अधिक. ती घटका आमच्या दाराशी सुरू होत नाही, अपघाताच्या जागी सुरू होते. तेव्हा 108 ला फोन करणाऱ्याने जखमेवरचा दाब सोडू नये, जखमीला उबेत ठेवावे, आणि सलाईनचा आग्रह धरण्यापूर्वी अपघात नेमका किती वाजता झाला, ते आम्हांस सांगावे.