पुन्हा माइकसमोर

'आता कुठला आवाज! केव्हाच सुटलं ते सगळं.' बारशाला किंवा हळदीकुंकवाला एखादीला गाण्याचा आग्रह झाला, की हे उत्तर हमखास ऐकू येतं. लग्नाआधी तिनं स्पर्धा गाजवलेल्या असतात, शेजारणींना ते ठाऊकही असतं. मग विषय बदलतो, चहा येतो.

लॉर्ना कॉर्देरो यांनी तर लाखो कोकणी रसिकांच्या आठवणीत असताना गाणं सोडलं होतं.

१९४६ साली मुंबईत जन्मलेली ही गोवेकर मुलगी लहान वयातच बँडबरोबर गाऊ लागली. त्या काळच्या मुंबईत गोव्याचे वादक दिवसा हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला बसत आणि रात्री हॉटेलात जॅझ वाजवत. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारे ख्रिस पेरी त्यांतलेच. त्यांनी जॅझच्या ठेक्यावर कोकणी शब्द बसवले आणि ते लॉर्नांच्या खड्या, थोड्या खट्याळ आवाजात दिले. 'बेबदो' म्हणजे दारुडा, 'पिसो' म्हणजे वेडा. गाण्यांची नुसती नावं घेतली तरी गोव्यातल्या लग्नाच्या मांडवात पाय थिरकू लागतात.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्यामागच्या कहाण्या आजही चवीनं सांगितल्या जातात, त्या इथे नकोत. मुद्दा एवढाच, की बँड पेरींचा होता आणि चालीही पेरींच्या. लॉर्नांकडे उरला तो फक्त आवाज, आणि तोही त्यांनी मिटून ठेवला. एक-दोन वर्षं नव्हे, सुमारे दोन दशकं! गंमत अशी, की तबकड्या घराघरांत वाजतच होत्या. गाणं ऐकू येत होतं, गाणारी मात्र गप्प होती.

त्यांना पुन्हा बोलतं केलं ते संगीतकार रॉनी मोन्सेरात यांनी. त्यांचं घरच वाजवणाऱ्यांचं. वडील पीटर मोन्सेरात नावाजलेले ट्रम्पेटवादक. गाणाऱ्या बाईला 'तुम्ही पुन्हा गा' म्हणणं सोपं असतं. पण इतक्या वर्षांनी गायचं म्हणजे काय, हे वादकालाच कळतं. रियाज सुटला की दम अपुरा पडतो, वयाबरोबर बाईचा आवाज खाली उतरतो, जुन्या पट्टीतला वरचा सूर लागेलच असं नाही. आणि लोक तर जुन्या तबकडीशीच तुलना करणार. त्यातून हा आवाज बँडमुळे होता की स्वतःचा, याचाही निकाल लागायचा होता.

१९९५ मध्ये कॅसेट आली, 'हॅलो लॉर्ना'. नावात एकच नाव, त्यांचं. वय एकोणपन्नास. आवाज थोडा जड झाला होता, पण शब्द फेकण्याची ती ढब तीच होती. त्याच वर्षाच्या अखेरीस पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर त्या श्रोत्यांसमोर उभ्या राहिल्या आणि जुन्या गाण्यांना गर्दीनं साथ दिली.

ख्रिस पेरी २००२ मध्ये गेले. त्यांच्या चालींवर बेतलेला 'नाचुंया कुंपासार' हा बार्ड्रॉय बार्रेतो यांचा कोकणी चित्रपट २०१४ मध्ये तयार झाला, तेव्हा ती गाणी लॉर्नांना तरुणपणी न ऐकलेल्या पिढीच्याही तोंडी बसली. लॉर्ना मात्र साठी उलटल्यावरही मंचावर उभ्या राहून 'बेबदो' गात राहिल्या.