क्रीम पफ आणि एक अर्धवट प्रश्न



माझी गोडाची हौस तुम्हाला नवी नाही. लहानपणी सांगलीत वडील कधीतरी बेकरीतून क्रीम रोल आणायचे. आजीला बेकरीचं काहीच चालायचं नाही, म्हणून आम्ही भावंडं ते माळ्यावर बसून खायचो. साखर फ्रॉकवर सांडायची आणि तिथेच चोरी पकडली जायची.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला नातीकडे गेले होते. कॉलेजजवळच्या एका कॅफेत ती मला घेऊन गेली. दुपारचे चार वाजलेले, सूर्यास्ताला भरपूर वेळ, त्यामुळे मी निर्धास्त. काचेच्या कपाटात गोल, सोनेरी क्रीम पफ मांडलेले. मी मुलाला विचारलं, "व्हेज आहे ना रे?" तो म्हणाला, "हो आजी, चिकन-बिकन काही नाही त्यात."

एक खाल्ला. हातात घेतला तर वजनच नाही, आत नुसती पोकळी आणि गार क्रीम. मग दुसराही खाल्ला. खोटं कशाला बोलू, फार आवडला.

हात धुवायला गेले तर भटारखान्याचं दार उघडं होतं. एक मुलगा शिजवलेल्या मैद्याच्या गोळ्यात एकामागून एक अंडी फोडून घोटत होता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, अंड्याशिवाय हा फुगून उभा राहत नाही." खरंच आहे ते. भट्टीत पाण्याची वाफ होऊन पफ फुगतो आणि अंड्यामुळे त्याची भिंत घट्ट होते. आतली पोकळी तशीच राहते.

नात रडायला लागली. घरी हे म्हणाले, "अजाणतेपणी झालं, सोडून दे." पण मी कॉमर्सवाली. व्हाउचर न बघता एन्ट्री पास केली तर चूक कोणाची? अंड्याला व्हेज समजणारे पुष्कळ लोक आहेत, हे मला का ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. मला 'हो' ऐकायचं होतं, म्हणून मी 'हो' येईल एवढाच प्रश्न विचारला. त्या मुलाने तर त्याच्या समजुतीने खरंच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी एकाशन केलं, णमोकाराच्या माळा ओढल्या. नातीला सांगितलं, बाळ, यात तुझं काही नाही.

आता बाहेर गेले की थेट विचारते: अंडं आहे का? जिलेटिन आहे का? अंड्याच्या केकला लावलेला चिमटाच याला लावता का? पाकिटावर बरं असतं, अंडं असलं तर हिरवी खूण मिळत नाही. कपाटातल्या सुट्या मालावर कसली खूण? सूनबाईला माझी ही उलटतपासणी ऐकून लाज वाटते. वाटू दे.

घरी मात्र मी हट्टाला पेटले. दही-सोडा घालून तसलंच पीठ केलं तर भट्टीतून चपट्या बिस्किटासारखं काहीतरी निघालं. शेवटी खारीचा रस्ता धरला. मैदा गार पाण्यात मळायचा, लोणी लावून घडी घालायची, फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा लाटायचं, असं चार-पाच वेळा. गोल कापून 200 अंशांवर भाजलं की पदर सुटून छान फुगतात. पाकिटातलं 25 टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम काही उभं राहत नाही. मी त्याच दिवशीच्या म्हशीच्या दुधाची गार साय घेते आणि पिठीसाखर-वेलची घालून चमच्याने हलकी फेटते. पहिल्या खेपेला मिक्सरला लावली होती, तर लोणी निघालं. ह्यांनी ते पोळीला लावून खाल्लं.

मागच्या रविवारी नात आली होती. दिवेलागणीच्या आधी सगळे पफ भरून ताटात मांडले. तिने एक फोडला आणि म्हणाली, "आजी, हा क्रीम पफ नाहीच, ही तर क्रीम भरलेली खारी!"

म्हटलं, खारी तर खारी. तिने तीन खाल्ले आणि दोन डब्यात भरून घेतले.